मागाहून पडणारं पाणी

एका थीम पार्कमधल्या पाण्याच्या राइडच्या उतरण्याच्या फलाटावर दिसलेलं हे दृश्य. ओंडक्याच्या आकाराची बोट हळूहळू आत आली, मांडीवरचे दांडे खटकन वर गेले आणि पुढच्या दोन जागांवरून भाऊ-बहीण उतरले. दोघंही पन्नाशीच्या पलीकडचे. दोघांच्या अंगावर एकाच पाकिटातून काढलेले पातळ, पारदर्शक पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचे प्लॅस्टिकचे सैल रेनकोट. भाऊ नखशिखान्त भिजला होता. शर्ट पाठीला चिकटलेला, पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळीकुट्ट, आणि बूट काढून उलटा केला तर त्यातून चक्क धार लागली. त्याच्या मागेच बसलेली बहीण मात्र कोरडी होती. तिचा फक्त उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओला होता. “ताई, तू कोरडी कशी?” त्यानं विचारलं. ती हसली, मान हलवली आणि काही न बोलता बाकाकडे निघाली. त्यानं पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. पुन्हा तेच हसू.

एकच बोट, एकच उतार, एकाच पाकिटातले पोंचो.

पाण्याच्या राइडवर कोण भिजणार आणि कोण वाचणार हे लोक नशिबावर सोडून देतात. उतरणारा माणूस कपडे पिळत म्हणतो, आज माझीच पाळी होती. पण पाणी कुणाचं तोंड बघून अंगावर येत नाही. ते कुठून येणार, किती येणार आणि किती वेळानं येणार, हे बोटीचा आकार, तिच्यातलं वजन, पायथ्याशी साचवलेल्या पाण्याची खोली आणि तुमची जागा यांवर ठरतं. त्यामुळे तिच्या कोरडेपणापेक्षा तो एकटा ओला उजवा हातच मनात राहिला. पूर्ण कोरड्या माणसानं काय केलं हे कळायला काही मार्ग नसतो. ओल्या जागेवरून मात्र पाण्याची वाट उलटी शोधता येते.

सुरुवात शेवटच्या उतारापासून करावी, कारण बहुतेक सगळं तिथंच घडतं. पंधरा मीटर उंचीवरून सुटलेली बोट, घर्षण धरलं नाही तर, तळाशी सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगानं येते. म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वर. प्रत्यक्षात घर्षणानं त्यातला काही वेग खाल्ला जातो, तरी उरतो तो पुष्कळ असतो, आणि तो पुढच्या काही सेकंदांत जवळजवळ संपवायचा असतो. हे ब्रेकचं काम बहुतेक ठिकाणी पायथ्याशी साचवलेलं पाणीच करतं. बोटीचं नाक पाण्यात घुसतं, समोरचं पाणी ढकललं जातं आणि बोटीचा जोर पाण्यात उतरतो. त्या पाण्याला कुठंतरी जावंच लागतं. बरंचसं दोन्ही बाजूंना पंख्यासारखं पसरतं. कडेला उभे राहून फोटो काढणाऱ्यांना दिसतो तो हाच पांढरा पंखा. थोडं नाकावरून आडवं आत येतं. आणि काही सरळ वर उडतं.

नाकावरून आडवं येणारं ते पहिलं पाणी. ते पुढच्या माणसाच्या छातीवर आणि मांडीवर बसतं, आणि त्याच्या मागचा माणूस त्याच्या आडोशानं पुष्कळसा वाचतो. वर गेलेलं पाणी मात्र लगेच येत नाही. तीन मीटर उंच उडालेल्या पाण्याला वर जायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि खाली यायला तेवढाच. एकूण दीड सेकंद. तेवढ्यात बोट मंदावलेली असते. किंकाळ्या ओसरलेल्या असतात, माणसं डोळे उघडतात, पोंचोची टोपी मागे सारतात, शेजाऱ्याकडे वळून तोंडभर हसतात. नेमकं तेव्हा हे दुसरं पाणी डोक्यावर उतरतं. पोंचो घालूनही मानेपासून पाठीच्या कण्यापर्यंत भिजलेली माणसं दिसतात, त्यांतली बरीच या दीड सेकंदात भिजलेली असतात. म्हणून उताराच्या तळाशी आपटल्यावर मनात सावकाश चार आकडे मोजावेत. तोवर टोपी हलवू नये, मान वर करू नये.

पुढची जागा सर्वांत ओली, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते सगळीकडे खरं नाही. काही बोटींचं नाक रुंद आणि वर उचललेलं असतं, पुढे ओठासारखी कड असते. अशी बोट पहिलं पाणी बाजूला फेकते, पुढचे लोक बऱ्यापैकी वाचतात, आणि वर उडालेलं सगळं मधल्या-मागच्या रांगेवर कोसळतं. वजनाचंही असंच आहे. तरंगणारी बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे सत्तर किलोचा माणूस बसला की सत्तर लिटर पाण्याइतकी बोट आणखी खाली बसते. चार मोठी माणसं असली तर २८० लिटर. कडा तेवढ्या पाण्याजवळ येतात, आपटताना जोरही जास्त असतो. हे वजन पुढच्या बाजूला साठलं तर नाक आणखी खोल जातं. सडपातळ मंडळींची अर्धी भरलेली बोट आणि धष्टपुष्ट मित्रांची गच्च भरलेली बोट एकाच उतारावरून येताना पाहिली की पंख्याच्या उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो. कोणाला कुठं बसवायचं हे मात्र फलाटावरचा कर्मचारी सांगेल तसंच. बोटीचा तोल आणि मांडीवरचा दांडा नीट बसणं हे कपड्यांपेक्षा फार महत्त्वाचं आहे.

या राइडचा मूळ पुरुष पाहिला तर गंमत वाटते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉक आयलंडला १८८४ मध्ये उतारावरून बोट थेट पाण्यात सोडायची करमणूक सुरू झाली, आणि १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला पॉल बॉयटननं आपल्या सी लायन पार्कमध्ये ती आणून लोकप्रिय केली. त्या बोटी सपाट तळाच्या होत्या. पाण्यावर चपटा दगड भिरकावला की तो जसे टप्पे घेतो तशा त्या तळ्यावर उड्या मारत जायच्या. सगळी मजा त्या उड्यांत होती. ओंडक्याच्या बोटीची राइड आली ती १९६३ मध्ये, टेक्सासमधल्या सिक्स फ्लॅग्ज या पार्कमध्ये, ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीनं बांधलेली. तिच्यामागे डोंगरातलं तोडलेलं लाकूड वाहत्या पाण्याच्या पन्हळीतून खाली गिरणीपर्यंत सोडायची जुनी पद्धत होती. तिचं नावही स्पॅनिशमध्ये ‘लाकूड कापायची गिरणी’ असंच: एल असेरादेरो. मग १९८० मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड पार्कमध्ये इंटामिन या कंपनीनं गोल तराफ्यांची ‘थंडर रिव्हर’ आणली आणि खळाळत्या नदीची नक्कल सुरू झाली. पाण्यावरून टप्पे घेत जाणारी बोट ते माणसांवर धबधबे सोडणारी राइड, असा हा प्रवास आहे. आजची राइड बांधणारे किती भिजवायचं याचा विचार करूनच बांधतात. कोरडं राहू पाहणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं की राग येत नाही. समोरच्यानं डाव आधीच मांडलेला आहे आणि आपल्याला तो वाचायचा आहे.

गोल तराफ्यावर वाचायला फार कमी मिळतं. तराफा भिंतीला घासतो, उलट फिरतो, दुसऱ्या तराफ्याला धडकतो; कोणती जागा कधी कुठल्या बाजूला जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या धबधब्याला वाचलेला दुसऱ्याखाली नेमका बसतो. तरी दोन गोष्टी ठाम सांगता येतात. तराफ्यात चढायला जिथं काठाला फट ठेवलेली असते, तिथून लाट सर्वांत सहज आत शिरते. त्या फटीशेजारच्या दोन जागांवर पाय आणि पोटऱ्या भिजल्यातच जमा. आणि वजन एका बाजूला झालं की ती बाजू पाण्यात दबते, लाट तिथूनच काठ ओलांडते. म्हणून मोठी माणसं एकमेकांना लागून न बसता समोरासमोर बसली तर सगळ्यांनाच बरं. बाकी लाटेकडे पाठ असताना ती दिसत नाही, एवढंच काय ते. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहावं. त्याचे डोळे विस्फारले की तुमच्या मागून काहीतरी येतंय.

मोठ्या लाटांची एवढी चर्चा होते की लहान पाण्याकडे कुणी बघत नाही, आणि माणूस खरा त्यानंच ओला होतो. पहिलं लहान पाणी म्हणजे बसायची जागा. आधीच्या फेरीतलं पाणी आसनाच्या खोलगट भागात साचलेलं असतं. तुम्ही कोरड्या कपड्यांत येऊन त्यात बसता आणि राइड सुरू होण्याआधीच ओले होता. थंड, हळूहळू झिरपणारा तो ओलावा शेवटपर्यंत जाणवत राहतो. चढायला वेळ थोडा असतो, बऱ्याच ठिकाणी फलाट सरकता असतो, म्हणून हातात एक लहान टिपणारं फडकं आधीच तयार असावं. एका हातानं एकदा पुसायचं आणि बसायचं. दुसरं लहान पाणी बोटीच्या तळाचं. बोट साखळीनं किंवा पट्ट्यानं वर चढू लागते, ती कट-कट-कट कानात घुमत असते, सगळ्यांचं लक्ष शिखराकडे, आणि तळातलं पाणी उतारानं गुपचूप मागे जाऊन शेवटच्या रांगेतल्यांच्या बुटांत शिरतं. शिखर ओलांडलं की तेच पाणी सरसरत पुढे येतं. मागच्यांचे पाय आधी भिजतात, पुढच्यांचे नंतर. चढताना पाय किंचित उचलून धरता आले तर धरावेत, पण उतार सुरू होण्याआधी ते पुन्हा तळावर टेकलेले हवेत.

पुलावरून नाणं टाकून उडवायच्या तोफा, भिंतीतून अचानक सुटणारे फवारे, शेजारच्या बोटीनं उडवलेला पंखा, हे सगळं एकदा कडेनं चालत बघितलं की कळतं.

पोंचोकडे मात्र सावकाश बघायला हवं. लोक तो विकत घेतात, डोक्यातून घालतात आणि काम झालं असं समजतात. पोंचो म्हणजे खालून मोकळी असलेली पिशवी. उतारावर वाऱ्याचा झोत समोरून येतो, पोंचोचा घेर फुग्यासारखा वर उचलला जातो आणि पहिलं पाणी सरळ त्याच्या खालून पोटावर येतं. भावाचं असंच झालेलं असणार. पोटापासून गुडघ्यापर्यंतचा तो काळाकुट्ट पट्टा दुसऱ्या कशानं पडत नाही. दुसरी चूक मांडीवरची. मांड्या फाकवून बसलं की मध्ये पोंचोची खोळ तयार होते. तिच्यात पाणी साठतं, ओंजळीत साठावं तसं. एखाद-दोन लिटर सहज. मग उतरायला उभं राहिलं की ती खोळ एकदम सांडते, कधी बुटांत, कधी शेजाऱ्यावर. तिसरी चूक गळ्याशी. पातळ पोंचोच्या गळ्याचं भोक मोठं असतं आणि टोपीला दोरी असलीच तर ती नुसती लोंबत असते. मान खाली घालून पुढं वाकलं की मानेमागे पन्हळ तयार होते आणि दुसरं पाणी तिच्यातून थेट पाठीवर. अंग चोरून पुढं वाकणारा माणूस पाठ टेकून बसणाऱ्यापेक्षा जास्त भिजतो, हे पटायला वेळ लागतो, पण तसंच आहे.

तर मग घालायचा कसा? रांगेत, चढायच्या चार-पाच मिनिटं आधी, अंग कोरडं असताना. फार लवकर घातला तर आतून घाम धरतो. प्लॅस्टिकमधून वाफ बाहेर जात नाही, ती आतल्या बाजूला थेंब होऊन बसते, आणि अर्धा तास पोंचोत उभा असलेला माणूस राइडविनाच दमट होतो. बसताना मागचा पदर खाली घ्यायचा, म्हणजे ओल्या आसनावर पोंचो आणि पोंचोवर तुम्ही. पट्टा किंवा दांडा आधी लावायचा, कर्मचाऱ्याला तो तपासू द्यायचा, आणि मगच पुढचा पदर त्यावरून ओढून घ्यायचा. हा क्रम उलटा झाला तर पट्टा नीट लागलाय की नाही हे कुणाला दिसत नाही, आणि अशा वेळी ते पोंचो काढायला सांगतात ते योग्यच आहे. पुढचा पदर गुडघ्यांवरून खाली घेऊन दोन्ही बाजूंनी मांड्यांखाली दाबायचा, गुडघे जवळ ठेवायचे, म्हणजे मांडीवर पाणी न थांबता पायांवरून घरंगळतं. टोपी कपाळावर ओढून हनुवटीखाली एका मुठीत धरायची, पाठ मागे टेकलेली, हनुवटी किंचित खाली. दुसरा हात दांड्यावर. फार पातळ पोंचो बगलेपाशी आणि गळ्यापाशी फाटतो. जाड घेतला तर तीन-चार फेऱ्या टिकतो. बाजूला टिचबटणं असतील तर ती लावलेली आहेत ना हे बघावं, एरवी बरगड्यांशी दोन खिडक्या उघड्या राहतात. लहान मुलांना पोंचोऐवजी डोक्यावरून कचऱ्याची पिशवी कधीही घालू नये. ती तोंडावर चिकटली तर श्वास कोंडतो. वेगवान, उलटसुलट वळणांच्या पाण्याच्या रोलर कोस्टरवर काही ठिकाणी पोंचोला बंदीच असते, कारण सैल कापड अडकू शकतं. तिथं भिजायची तयारी ठेवावी नाहीतर बाहेर बसावं.

आणि आता तो उजवा हात. हनुवटीखाली मूठ धरली की कोपर खाली आणि मनगट वर असं होतं. मुठीवर पडलेलं पाणी बोटांमधून मनगटावर येतं आणि बाहीच्या आतून कोपरापर्यंत ओघळतं. बाकी सगळं बरोबर केलेल्या माणसाचा नेमका तेवढाच भाग भिजतो. म्हणजे तिनं टोपी धरून ठेवली होती, आणि दुसरं पाणी पडून जाईपर्यंत सोडली नव्हती. मनगटाशी बाही एका रबरानं बांधली असती तर तेही वाचलं असतं.

पाय मात्र कुणालाही पूर्ण वाचवता आलेले नाहीत. सुती मोजा पाणी धागाभर शोषून घेतो आणि तासन्‌तास सोडत नाही. ओल्या मोज्यात चाललं की टाच आणि करंगळी सोलवटते, आणि पार्कमध्ये चालणं तर दिवसभर असतं. मोजे रांगेतच काढून पिशवीत ठेवावेत, बुटांत अनवाणी पाय घालून जावं, उतरल्यावर पाय पुसून पुन्हा कोरडे मोजे चढवावेत. बूट ओले असतील तर आधी आतलं पाणी झटकून कागद कोंबावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. पाठीमागे पट्टा असलेल्या रबरी सँडल सर्वांत सोयीच्या. सैल चपला पाण्यात वाहून जातात. बुटांवरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायची युक्ती अनेक जण करतात; ओल्या, सरकत्या फलाटावर त्या साबणासारख्या घसरतात, म्हणून ती करू नये. पिशवी घालायचीच तर पाय आणि बूट यांच्या मध्ये. कपड्यांत जीन्स सगळ्यांत वाईट: जड होते, मांड्यांना घासते, शिवणी संध्याकाळपर्यंत ओल्या राहतात. पॉलिस्टरचा धागा स्वतः फारसं पाणी पीत नाही, पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत राहतं, म्हणून ते कापड उन्हात लवकर वाळतं.

फोनबद्दलचा एक गैरसमज महाग पडतो. आयपी ६७ असं लिहिलेला फोन एक मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात ३० मिनिटं राहू शकतो अशी ती चाचणी असते. त्यातला ६ धुळीचा, पाण्याचा आकडा ७. जोरात येणाऱ्या धारेची चाचणी वेगळी असते, तिचे पाण्याच्या जागेवरचे आकडे ५ आणि ६. पाचच्या चाचणीत मिनिटाला साधारण साडेबारा लिटरची धार मारतात. सातची चाचणी पार केलेला फोन पाचची पार करेलच असं नाही. आणि राइडचं पाणी स्थिरही नसतं, नुसतं पाणीही नसतं. तेच पाणी पंपानं पुन्हा पुन्हा फिरवलं जातं, गाळलं जातं, त्यात क्लोरीन किंवा काही ठिकाणी ब्रोमीन घातलेलं असतं. रांगेत शिरताच नाकाला जाणवणारा तो उग्र, ओलसर वास त्याचाच. फोन दुहेरी चाप असलेल्या पिशवीत घालायचा, आणि त्याआधी त्या पिशवीत नुसता कोरडा कागदी रुमाल घालून ती पाच मिनिटं पाण्यात दाबून बघायची. रुमाल कोरडा निघाला तरच फोन. भिजलाच तर चार्जिंगचं तोंड पूर्ण वाळेपर्यंत तार लावू नये.

कोरडं राहणाऱ्याला बाकीचे चिडवतात. भित्रा, रसभंग करणारा, मग आलाच कशाला. पण कुणाच्या हाताला प्लास्टर असतं, कुणाला टाके घातलेले असतात, कुणाच्या पोटाशी इन्शुलिनचा पंप असतो, कुणाच्या कानामागे श्रवणयंत्र. घरातली मुलं हट्ट करतात, आणि त्या माणसालाही त्यांच्या शेजारी बसून ओरडायचं असतं. बाहेर बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसणं हे कुणाच्या वाट्याला कायमचं येऊ नये. राइडच्या दारावरच्या पाटीवर आरोग्याच्या अटी लिहिलेल्या असतात, त्या आधी वाचाव्यात. त्यांतून मोकळीक असेल तर बाकीचं तयारीनं जमतं. श्रवणयंत्राचं तर अगदी ठरलेलं आहे. कर्मचाऱ्याच्या सूचना होईपर्यंत ते कानात असू द्यावं, कारण त्या ऐकायला हव्यात. बसण्याआधी काढावं, कोरड्या डबीत ठेवावं, डबी चापाच्या पिशवीत, पिशवी आतल्या खिशात. सोबतच्याला सांगून ठेवावं की आता काही मिनिटं मला ऐकू येणार नाही, काही सांगायचं तर खांद्यावर हात ठेव.

आणि हे सगळं करायच्या आधी, पंधरा मिनिटं नुसतं बघावं. उतरण्याच्या फलाटाजवळ उभं राहून आठ-दहा बोटी मोजाव्यात. कोणत्या रांगेतल्यांचे केस ओले, कोणाच्या नुसत्या पँटी ओल्या, कोण पायांशीच भिजलंय. केस ओले म्हणजे वरून, मांड्या ओल्या म्हणजे समोरून, पार्श्वभाग ओला म्हणजे आसनावरून. मग उताराच्या पायथ्याशी जाऊन जमिनीकडे बघावं. काँक्रीटवर गडद आणि फिकट यांच्यामध्ये एक वेडीवाकडी रेघ असते. तिच्यापलीकडे पाणी पोचत नाही. वारा असेल तर ती रेघ एका बाजूला ताणलेली दिसते, आणि त्याच बाजूच्या जागांवर तुषारही जास्त येतात. वेळ शक्यतो अशी निवडावी की नंतर दोन-तीन तास ऊन शिल्लक असेल. ऊन कलल्यावर भिजलेला माणूस कुडकुडतो, कारण अंगावरचं पाणी वाफ होताना अंगाचीच ऊब घेऊन जातं, आणि वारा सुटला की ती आणखी झपाट्यानं जाते. काही पार्कांत गरम हवेच्या उभ्या पेट्या असतात, माणूस आत उभा राहील एवढ्या; त्यांत केस आणि पातळ शर्ट वाळतो, जीन्स नाही. त्यापेक्षा ओला शर्ट कोरड्या टॉवेलवर पसरावा, दोन्ही एकत्र गुंडाळावेत आणि त्या गुंडाळीवर अर्धा मिनिट उभं राहावं. पिळण्यापेक्षा यानं पाणी जास्त निघतं आणि कापड ताणलं जात नाही.

त्या दिवशी भाऊ बाकावर बसून मोजे पिळत होता. पाणी त्याच्या पायांभोवती पसरत होतं. बहीण शेजारी बसली, पोंचो बाहेरची ओली बाजू आत येईल असा घडी घातला, उजवी बाही दुमडून हात पुसला, दोन्ही हात पुन्हा एकदा कोरडे करून बघितले. मग आतल्या खिशातून चापाची पिशवी काढली, तिच्यातून एक लहान गोल डबी. डबीतलं यंत्र तिनं सावकाश कानामागे बसवलं, केस त्यावरून घेतले, आणि त्याच्याकडे वळली.

“हं, आता बोल. काय विचारत होतास?”